क्षयाच्या जिवाणूंस अनावृत पत्र

प्रति,
क्षयरोगाचे समस्त जिवाणू,
मुक्काम बृहन्मुंबईतील पदपथ, उड्डाणपुलांखालच्या जागा व रेल्वेस्थानकांचे आडोसे.

विषय : नियमांस अनुसरून संसर्ग करण्याबाबत.

महोदय,

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये ओळख पटवून दिल्यापासून जिवाणूंचे अस्तित्व सर्वमान्य आहे. ज्यांच्या फुप्फुसांत ते वस्ती करतात त्या बेघरांची ओळख मात्र कागदोपत्री अद्याप पटावयाची असल्याने, पत्रव्यवहार थेट जिवाणूंशीच करणे प्रशासनास सोयीचे वाटते. ज्याचा मुक्काम छपराखालच्या वास्तूत, म्हणजे जनगणनेच्या परिभाषेतील ‘जनगणना घरा’त, नसतो तो बेघर, आणि अशा व्यक्ती २०११ साली मुंबईत सुमारे ५७ हजार आढळल्या. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकण्यात आली. त्या रात्री जे पाळीवर होते किंवा हुसकावले गेले होते, त्यांच्याकडे उतरलेल्या जिवाणूंनी आपला यजमान मोजला गेला आहे किंवा कसे, याची खातरजमा स्वतःच करावी.

क्षयाची औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात, यात शंका नाही. परंतु साध्या क्षयाचाही उपचार किमान सहा महिने चालतो, रुग्णाच्या घरी जाऊन पाठपुरावा करावयाचा असतो, आणि पत्त्याच्या रकान्यात ‘पुलाखाली, तिसरा खांब’ असे लिहिले तरी अतिक्रमण हटवणारी गाडी येईपर्यंतच तो पत्ता खरा असतो. गाडीत गाठोडे जाते, गाठोड्यात गोळ्या व उपचारपत्रिका जाते. निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० ऐवजी १,००० रुपये झाली. ती थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे मध्यस्थाविना बँकखात्यात जमा होते, आणि उशाखालची चप्पल सकाळी जागेवर सापडेल याची ज्याला शाश्वती नाही त्याने पासबुक सांभाळावे अशी अपेक्षा आहे. उपचार तुटला की जिवाणू रिफॅम्पिसिन व आयसोनियाझिड या दोन मुख्य औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो; या अवस्थेस बहुऔषधप्रतिरोधक क्षय म्हणतात. या पदोन्नतीत प्रशासनाचा वाटा किती, हे जिवाणूंनी औदार्याने नमूद करावे.

आयुष्मान भारत विमा योजनेत मूळ पात्रता ठरवताना निवारा नसलेले ग्रामीण कुटुंब आपोआप पात्र धरले गेले, तर शहरात कचरावेचक, भिकारी, फेरीवाले अशा व्यवसायांवरून पात्रता ठरली. तेव्हा जिवाणूंनी शहरी यजमान निवडताना त्याचा व्यवसाय आधी विचारून घ्यावा. भिकारी निवडल्यास मात्र वेगळीच अडचण उद्भवते. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ अन्वये उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी वावरणे हेही भीक मागण्याच्या व्याख्येत बसू शकते, आणि पहिल्याच दोषसिद्धीनंतर एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवता येते. म्हणजे जी स्थिती एका योजनेत पात्रता तीच एका कायद्यात गुन्हा. जिवाणूंनी यातून जो अर्थ काढावयाचा तो काढावा.

रुग्णालयातून सुटी मिळालेल्या, पण पदपथावर बरे होऊ न शकणाऱ्या रुग्णासाठी काही काळ खाट, जेवण व मलमपट्टी पुरवणाऱ्या जागेस विश्रांतिनिवारा म्हणता येईल. बोस्टनसारख्या शहरात अशी सोय फार पूर्वीच झाली आहे. मुंबईत तिच्यासाठी नवा पाया खणण्याचीही गरज नाही, कारण दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा असावा, हा केंद्राच्या योजनेतील निकष लावल्यास शहरात सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात, आणि त्यांतील काहींत अशा खाटा टाकता येतील. त्या खाटांचा खर्च आरोग्य खात्याने सोसावा की निवाऱ्यांचे काम पाहणाऱ्या खात्याने, याचा निर्णय होईपर्यंत जिवाणूंनी आपले विभाजन स्थगित ठेवावे. साधारण वीस तासांत एकदा होणारे हे विभाजन जिवाणूंच्या जगात अतिसंथ समजले जाते, हे मान्य आहे. तरी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणाऱ्या फाइलीच्या मानाने ते उतावळेपणाचे आहे.

कळावे,
सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशान्वये
(स्वाक्षरी प्रलंबित)