उंदीरवाला

आमचा भाचा पुण्यात फार्मसीत पीएच.डी. करतो. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या सास्तूरला त्याला उंदीरवाला म्हणतात. लग्नाच्या बाजारात या पदवीला अजून भाव नाही. एका मुलीच्या बापाने सरळ विचारलं, "उंदरं मारता का पाळता?" हा प्रामाणिकपणे म्हणाला, "आधी पाळतो." स्थळ गेलं.

सुट्टीला आला की हा माणसांच्या मूत्रपिंडांवर नजर ठेवून असतो. पंगतीतून कुणी पाणी न पिता उठला, की यालाच घास उतरत नाही. कंबरदुखीवर रोज गोळ्या गिळणाऱ्या पाटलांना याने भर पारावर ऐकवलं, की त्याच गोळ्यांतलं डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं गेली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं. पाटील उखडले, "मग मी काय गिधाड हाय का?" पारावर 'नाही' म्हणायला कुणी तोंड उघडलं नाही.

उंदरांच्या बाबतीत मात्र हा लेकुरवाळा. बारा तास उजेड, बारा तास अंधार, प्रयोगाला समितीची लेखी परवानगी, बाटलीत अष्टौप्रहर पाणी.

"आपल्या नळाला बी बसव की एक समिती," आमची ही म्हणाली.

तेवढ्याने गडी खुलला. प्रयोगाआधी चोवीस तास पाणी तोडायचं, मग मांडीत ग्लिसरॉल टोचायचं. स्नायू फुटतो, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन मूत्रपिंडाच्या नळ्यांत जाऊन बसतं, दुसऱ्या दिवशी रक्तात क्रिएटिनिन चढतं. मग त्यातल्या काहींना गोखरूचा काढा.

"गोखरू म्हंजे सराटाच की रे!" शेजारचे अण्णा ओरडले. "जन्मभर टाचेतनं उपसला, अन् तू त्याच्यावर डॉक्टर व्हणार?"

आई कोपऱ्यात वाती वळत होती. ती मध्येच बोलली. ३० सप्टेंबर १९९३. पहाटेच्या भूकंपात तिचा धाकटा भाऊ गाडला गेला, दुपारी जिता निघाला. मांडी चेंबलेली, पण बोलत होता, चहासुद्धा प्याला. लघवी मात्र काळ्या चहासारखी झाली. चौथ्या दिवशी गेला.

"आज्जी, तेच हे," भाचा हळू म्हणाला. १९४१ साली लंडनमध्ये बॉम्बने पडलेल्या घरांखालून काढलेल्या माणसांत डॉक्टर बायवॉटर्सनी हेच पाहिलं होतं. आता अशा माणसाला ढिगाऱ्यातून ओढण्याआधीच सलाइन लावतात.

"उंदराला ठावं हाय," आई म्हणाली, "आमाला कुणी सांगितलं न्हाई."

तिने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. सकाळपासून तो घोटभरही पाणी प्याला नव्हता.