उपयुक्त साठा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली तेव्हा पहिला संशय मी सौ.च्या पाककृतींच्या व्हिडिओंवर घेतला, दुसरा भाच्याच्या गेमवर. स्वतःवर संशय घ्यायची आमच्या पारशिवनीत पद्धत नाही.

भाचा नागपूरहून आला होता. म्हणाला, ‘‘मामाजी, सेटिंगमधी स्टोरेज पाहा. कोण किती जागा खाऊन राहिलं ते दिसते.’’

पाहिलं, तर घेतलेली 512 जीबीची डिस्क 476 दाखवत होती. मी दुकानदाराचा उद्धार सुरू केला. भाच्यानं थांबवलं. कंपनी हजारानं मोजते, विंडोज 1024 नं. दोघंही खरे, कमी माप तेवढं आपल्या पदरात. त्यातही काही जागा विंडोज स्वतःसाठी धरून ठेवतं. लॅपटॉप गाढ झोपवला की उघडी कामं ठेवायला ‘हायबरफिल’ नावाची एक फाइल असते, ती काही जीबी अडवून बसते.

‘‘म्हणजे मृत साठा!’’ मी ओरडलो.

साठ्याचा हिशेब पारशिवनीच्या माणसाला कोणी शिकवू नये. पेंच नदी आमच्या उशाशी. वर तोतलाडोहचं धरण, खाली नवेगाव खैरीचं. धरणात दिसतं ते सारं पाणी आपलं नसतं. तळाशी मृत साठा, त्यावर उपयुक्त साठा. पेपरात टक्केवारी येते ती उपयुक्त साठ्याची. वर मध्य प्रदेशात चौराईला धरण झालं आणि आमचा येवा घटला. 2019 च्या उन्हाळ्यात तर तोतलाडोहचा उपयुक्त साठा संपून नागपूरची तहान मृत साठ्यावर भागवावी लागली, जुलैत शहराला दिवसाआड पाणी आलं. एरवी नागपूरकराला पाणी कुठून येतं विचारा, तो गोरेवाडा तलावाकडे बोट दाखवतो. अरे, गोरेवाड्यात येतं ते खैरीचं! आमच्या अंगणातून जातं! कोराडी-खापरखेड्याची वीजसुद्धा याच पाण्यावर, आणि लोडशेडिंग कोणाकडे, तर...

‘‘मामाजी,’’ भाचा म्हणाला, ‘‘लॅपटॉपचं पाहू का जी?’’

त्यानं टेम्प फाइली उडवल्या, रिसायकल बिन रिकामा केला. पट्टी लालच. ‘‘क्लाउडवर टाका,’’ म्हणाला. इथं मात्र माझं डोकं खरंच फिरलं. गूगलनं आधी फोटो फुकट ठेवायची सवय लावली, आणि 1 जून 2021 पासून नवे फोटो त्याच 15 जीबीत मोजायला सुरुवात केली. फोटो आपले, चेहरे आपले, आणि भाडंही आपणच भरायचं. वर नेटवर्क असं, की एक फोटो चढेपर्यंत माणूस म्हातारा व्हावा.

‘‘मंग मोठ्या फाइली काढू,’’ म्हणत त्यानं यादी लावली. सौ.चे व्हिडिओ पार तळाला निघाले. वरच्या साऱ्या जागा माझ्या: माझा सत्कार, माझं अध्यक्षीय भाषण, माझं आभारप्रदर्शन (हे अध्यक्षीय भाषणाहून लांब). सर्वांत वर शाळेतला निरोप समारंभ, फोर-केमध्ये. माझ्या चेहऱ्यावरचा घाम थेंब-थेंब मोजता यावा असा.

‘‘हे काऊन ठेवलं?’’

‘‘पुढच्या पिढीसाठी.’’

पुढची पिढी समोरच बसली होती. तिनं जांभई दिली आणि व्हिडिओ पुढे ढकलला. मी बोलतोय, बोलतोय. कॅमेरावालाही कंटाळला असावा, कारण मध्येच कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला. प्लास्टिकच्या खुर्चीत आई. माझ्या सत्काराचा नारळ तिच्या मांडीवर, शालीची घडी हाताखाली. शेजारणीला सांगत होती, माइकमध्ये पुसट आलं होतं, ‘‘त्याले कोणी पाणी द्या वं, घसा बसला त्याचा.’’

सभागृहात टाळ्या चालू होत्या. माझा घसा ऐकत होती ती एकटी. आता आई नाही. हा व्हिडिओ मी कितीदा तरी पाहिला होता, पण पाहताना मला मीच दिसायचो.

भाचा काही बोलला नाही. तेवढा तुकडा त्यानं कापून वेगळा ठेवला. मोजून काही एमबी भरला. बाकीचं माझं वक्तृत्व त्यानं मला न विचारता उडवलं. पट्टी निळी झाली.

तेव्हा वाचकहो, ड्राइव्ह भरला तर आधी डाउनलोड्स पाहा, बिन रिकामा करा. स्वतःची भाषणं मात्र स्वतः पुसायला बसू नका. घरातल्या कोणालाही सांगा, ते काम सारे आनंदानं करतात.