डायलॉगशेठ

शिरगावात गुरुवारी दोन ठिकाणी गर्दी होते. एक प्रतिशिर्डीच्या साईमंदिरात, दुसरी चहाच्या टपरीवर, डायलॉगशेठभोवती. पहिलीतून बाहेर पडलेली मुंबईकर मंडळीच दुसरीत येतात. दर्शन झालेलं असतं, मन मोठं झालेलं असतं, अशात कुणीतरी एनए प्लॉटचा विषय काढतो.

शेठ जमिनीचे एजंट. पांढरा शर्ट, दोन मोबाइल, बुलेट, आणि स्वतःचं असं एकही वाक्य नाही. भाव सांगताना 'दीवार'मधला अमिताभ, घासाघीस सुरू झाली की 'शोले'तला गब्बर. सलीम-जावेदचे हे दोन्ही सिनेमे १९७५ साली आले ते मावळातले गुंठे खपावेत म्हणूनच, अशी शेठची श्रद्धा आहे.

दैवत मात्र १९८८चा 'अशी ही बनवाबनवी'. अशोक सराफांच्या टायमिंगला सगळेच हसतात. संवाद वसंत सबनीसांचे, हे शेठ न चुकता सांगतात. तेवढं पुण्य त्यांच्या खात्यावर मांडायला हवं. सबनीसांची भाषा घरातली. भाडं, औषध, उसने पैसे. नटवेपणा नाही, म्हणून ती अजून टपरीवर चालते. शेठनी ती धंद्यात आणली. सिनेमात इस्राईलच्या औषधापायी सरपोतदारांचे सत्तर रुपये वारतात, शेठकडे टोकनची रक्कम वारते. मागायला आलेला माणूस आधी हसतो, आणि एकदा हसल्यावर त्याला नीट भांडताही येत नाही.

परवा एक निवृत्त मास्तर आले. टोकन दिलेले. शेठनी पवना नदी, एक्स्प्रेसवे, होऊ घातलेला रिंगरोड, सगळं अमिताभच्या आवाजात ऐकवलं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि 'सामना'तल्या डॉ. लागूंच्या सुरात विचारलं,

"सातबाऱ्याचं काय झालं?"

तेंडुलकरांनी 'सामना'तल्या हिंदुरावाला घाम फोडला तो अशाच एका साध्या प्रश्नानं. तोच प्रश्न, पुन्हा पुन्हा. आणि हिंदुराव निदान साखर कारखान्याचा धनी होता, वर निळू फुले होता. आमच्या शेठनी गब्बर चाचपला, सबनीस चाचपले. काही हाताला लागेना.

"सातबाऱ्याचं काय झालं?"

नीट ऐकू यावं म्हणून टपरीवाल्यानं गॅस बारीक केला.

"मास्तर, चहा घेणार ना?" शेठ त्यांच्या मूळ आवाजात म्हणाले. तो बराच बारीक निघाला.

"घेईन की. सातबाऱ्याचं काय झालं?"