मंडळीत बदल घडवण्याची शास्त्रोक्त पद्धत

होतकरू सुधारकाने चर्चमधला बाक हलवण्याआधी त्याच्या पाठीवर काय लिहिले आहे ते वाचावे. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी पाटी असेल, तर तो बाक नसून कुणाचे तरी आजोबा आहेत. आजोबांना भिंतीकडे सरकवायला कमिटीचा ठराव पुरत नाही.

या विद्येचे आचार्य एडविन फ्रीडमन. अमेरिकेतले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आणि कौटुंबिक समुपदेशकही. कुटुंब ही एक भावनिक यंत्रणा असते, एकाचे दुखणे साऱ्या घराचे असते, हे मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी मांडले होते. फ्रीडमन यांनी 1985 च्या 'जनरेशन टू जनरेशन' या पुस्तकात तीच दृष्टी चर्च आणि सिनेगॉगला लावली. टीव्ही कुठल्या खोलीत ठेवायचा यावरून ज्याने घरात अबोला पाहिला आहे, त्याचा निम्मा अभ्यासक्रम झालेलाच असतो.

आता प्रात्यक्षिक. समजा, पिरंगुटच्या कारखान्यांत नोकरीला आलेल्या काही कुटुंबांनी कासार आंबोलीत घरगुती उपासना सुरू केली आणि एका तरुणाने पेटीशेजारी गिटार आणून ठेवली. खजिनदारांना ती खपत नाही. पण हे ते तरुणाला सांगत नाहीत. सांगतात पाळकबाईंना, तेही कापणीच्या सणाच्या लिलावात भोपळ्यावर बोली रंगलेली असताना. फ्रीडमन याला त्रिकोण म्हणतात. पाळकबाईंनी एवढेच म्हणावे, "भाऊ, हे तुम्ही त्यालाच सांगा ना," आणि भोपळ्याची बोली पाच रुपयांनी वाढवावी.

खजिनदारांचा मुद्दा असा, की आपली जुनी भजने बरी. त्यांतली कितीतरी रेव्हरंड ना. वा. टिळकांची, म्हणजे एका सुधारकाचीच! इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीला टिळकांनी अभंगांची, भजनांची गोडी लावली. आपण कुठे उभे आहोत हे स्वच्छ सांगायचे, पण नाते तोडायचे नाही, हा फ्रीडमन यांचा मुख्य धडा टिळकांच्या घरीच पाहायला मिळतो. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या काळात ताटातूट झाली, संसार पुन्हा जुळला, पण बाईंनी निर्णय घेतला तो स्वतःच्या वेळेने. पुढे 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. नेत्याने चित्त शांत ठेवावे या फ्रीडमन यांच्या दुसऱ्या विषयात मात्र टिळक नापासच. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ही आत्मकथा वाचलेल्यांना त्यांचा तापटपणा ठाऊक आहे.

उतावळ्यांनी नागपूर आठवावे. चर्चच्या ऐक्याची बोलणी सुरू झाली 1929 मध्ये आणि तिथे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले 29 नोव्हेंबर 1970 ला. सहा चर्च एक झाली. मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशिया मात्र ऐन वेळी बाहेर राहिले. एकेचाळीस वर्षे बोलूनही कुणीतरी पंगतीतून उठतेच.

तेव्हा बदल अंगी लागू लागला की कुणीतरी खोडा घालणार, हे धरूनच चालावे. बिशपसाहेबांकडे निनावी अर्ज गेला तर चौकशी करत फिरू नये. अक्षर ओळखीचे असतेच. पुढच्या रविवारी शास्त्रपाठ वाचायला त्या अर्जदारांनाच सांगावे, आणि तोही जरा लांबलचक निवडावा.