पापडाचं जेवण

अमेरिकेतलं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे तिथली एफडीए, एरवी मोजकं बोलणारं खातं. पण एका बाबतीत त्याच्यावर तेच तेच सांगायची पाळी आली. २०११ च्या जूनमध्ये खात्याने जाहीर केलं की थर्मोग्राफी, म्हणजे अंगातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचं रंगीत चित्र काढणं, स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीत मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. २०१७ मध्ये पुन्हा तेच. २०१९ च्या फेब्रुवारीत आणखी एकदा तेच, आणि सोबत कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीला ताकीदपत्र. एकच गोष्ट तीनतीनदा सांगावी लागली की समजावं, ऐकणाऱ्यांना ती पहिल्याच वेळी नीट कळली होती.

यात बिचाऱ्या कॅमेऱ्याचा काही दोष नाही. जिथे आजार तिथे ऊब, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या वैद्यकात अंगाला ओल्या चिखलाचा लेप देत आणि तो जिथे आधी सुकेल तिथे दुखणं आहे असं धरत. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येकाखाली थर्मामीटर ठेवला. तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यांत वर चढला. १९५६ मध्ये माँट्रियलचे डॉक्टर रे लॉसन यांनी लिहिलं की स्तनातल्या गाठीवरची त्वचा आजूबाजूपेक्षा गरम लागते. गाठीला रक्त जास्त लागतं, रक्त आलं की ऊब आली. इथपर्यंतचं सगळं शास्त्र खणखणीत आहे. अडचण अशी की त्वचेला गरम व्हायला गाठच लागते असं नाही. ऊन, सूज, जंतुसंसर्ग, पाळीचे दिवस, यांपैकी काहीही पुरतं. आणि खोलवर दडलेली गाठ वरच्या त्वचेला आपला पत्ता कळवेलच अशी खात्री कुणी देत नाही.

हे तपासून पाहिलं गेलं नाही असंही नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत २९ केंद्रांवर मोठा प्रकल्प सुरू झाला. पावणेतीन लाखांहून अधिक बायका त्यात आल्या. सुरुवातीला मॅमोग्राफी, हाताने तपासणी आणि थर्मोग्राफी, तिन्ही होतं. थर्मोग्राफीकडून इतक्या गाठी निसटायला लागल्या की तिला मधेच प्रकल्पातून नारळ देण्यात आला.

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. ज्याने कधी सरकारी नियमावली वाचलेली नाही तोच असं म्हणेल.

अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांचा कायदा झाला २८ मे १९७६ ला. त्या दिवसापर्यंत जी यंत्रं बाजारात होती त्यांना उठवून हाकलून देणं शक्य नव्हतं. मग वर्गवारी झाली. उष्णतेचं चित्र काढणाऱ्या यंत्राचा नियम मोठा बहारदार आहे. दुसऱ्या तपासणीच्या जोडीने वापरलं तर हे यंत्र पहिल्या वर्गात, म्हणजे सर्वांत कमी जोखमीच्या रांगेत. एकट्याने वापरलं तर तेच यंत्र, तोच कॅमेरा, तीच वायर, थेट तिसऱ्या वर्गात, म्हणजे सर्वांत कडक रांगेत.

याला मी पापडाचा नियम म्हणतो. पापडाला ताटात जागा आहे, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. वरण-भात, पोळी-भाजी वाढलेली असेल तर शेजारी पापड खुशाल ठेवा, त्यासाठी फार चौकशी होणार नाही. पण पापड हेच जेवण असं म्हणायचं असेल, तर पोट कसं भरतं ते पुराव्यानिशी दाखवा. गंमत अशी की एफडीएच्याच सांगण्यानुसार एकट्याने वापरायला एकाही थर्मोग्राफी यंत्राला आजवर परवानगी मिळालेली नाही. आणि तरीही गावोगाव खानावळी चालू आहेत, जिथे ताट मांडलं जातं, पाट टाकला जातो, उदबत्ती लावली जाते आणि वाढला जातो फक्त पापड.

हे जमतं कसं? कलम ५१०(के) नावाची एक वाट आहे. तिच्यावरून जाताना मुख्य प्रश्न विचारतात तो असा, की तुमचं यंत्र आधीच्या एखाद्या मान्य यंत्रासारखं आहे का? आधीचं त्याच्या आधीच्यासारखं होतं. असं मागे मागे जात १९७६ च्या आधीच्या मूळ पुरुषापर्यंत वंशावळ जुळली की मुलगा पसंत. मूळ पुरुष १९७३ च्या परीक्षेत काय दिवे लावून आला, हा प्रश्न त्या अर्जात ठळक अक्षरांत नसतो. यंत्र तापमान मोजतं, नीट मोजतं, कुणाला शॉक देत नाही, एवढं पुरे. साहेबांनीही काही खोटं केलेलं नसतं. त्यांनी पापडाला पापड म्हणूनच सोडलेलं असतं.

खरी प्रतिभा दिसते ती पुढे, छापखान्यात. माहितीपत्रकावर वर ठसठशीत ‘एफडीए मान्य’. खाली तीन आश्वासनं: ना वेदना, ना किरणं, ना स्पर्श. मी ही तीनही आश्वासनं बारकाईने तपासली आणि तीनही शंभर टक्के खरी आहेत. चौथं, ‘ना निदान’, बहुधा जागेअभावी राहून जातं. काही पत्रकं तर सांगतात की मॅमोग्राफीला दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी आमच्या कॅमेऱ्याला कर्करोग दिसतो. एफडीएने आपल्या इशाऱ्यात असल्या दाव्यांना पुरावा नाही असं म्हटलं. म्हटलं, आणि पत्रकांच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या.

ग्राहक मूर्ख असतात असं मात्र मी म्हणणार नाही. मॅमोग्राफीत दोन पट्ट्यांच्या मधे स्तन दाबला जातो, ते दुखतं, आणि दाबणाऱ्या यंत्राची रचना करणाऱ्यांना त्या दुखण्याचा फारसा अनुभव नसावा. क्ष-किरणांची मात्रा साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे आपण नुसतं घरी बसून काही आठवड्यांत निसर्गाकडून घेतो तेवढी. पण ‘रेडिएशन’ या शब्दापुढे असे हिशेब चालत नाहीत. तरुण वयात, जिथे ऊती घट्ट असतात, तिथे मॅमोग्राफीलाही कमी दिसतं. भीती खरी, अडचण खरी, गिऱ्हाईक खरं. दुकानात काय विकायचं ते दुकानदाराने ठरवलं.

शिवाय सोहळा देखणा असतो. आधी सूचना: चहा नको, सिगारेट नको, अंगाला पावडर-क्रीम नको. मग गार खोलीत दहा-पंधरा मिनिटं कपडे उतरवून बसायचं, त्वचेला खोलीची सवय व्हावी म्हणून. मग हात डोक्यावर घेऊन उभं राहायचं. मग पडद्यावर स्वतःचं चित्र उमटतं: निळं, हिरवं, पिवळं, लालभडक. त्या चित्रापुढे मॅमोग्राफीची करडी, धुरकट फिल्म म्हणजे अगदीच गरीब. आता एक आतली गोष्ट. हे रंग अंगाचे नसतात, सॉफ्टवेअरचे असतात. कुठल्या अंशाला लाल म्हणायचं आणि कुठल्याला निळं, हे पट्टीवर ठरतं. पट्टी थोडी सरकवली की मघाशी निळा असलेला खांदा पेटलेला दिसतो. शरीर तेच, ऊब तीच, माणसाच्या पोटात मात्र गोळा येतो. असल्या छापील चित्रामागून दर तीन महिन्यांनी ‘फॉलोअप’चं पॅकेज निघालं तर नवल नाही.

मग आला कोविड आणि उष्णता मोजण्याच्या धंद्याला सोन्याचे दिवस आले. एप्रिल २०२० मध्ये एफडीएने धोरण काढलं: आणीबाणी आहे, तेव्हा ताप तपासणारे थर्मल कॅमेरे नेहमीच्या परवानगीशिवाय विकले तरी आमची हरकत नाही. आणि ते वापरायचे कसे? एका वेळी एकच माणूस. चष्मा, टोपी, मास्क काढलेला, कपाळावर केस नाहीत. मोजायचं ते डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात. माणूस आधी पंधरा मिनिटं त्याच खोलीत बसलेला, व्यायाम वगैरे केला असेल तर अर्धा तास. खोलीत वारा नको, ऊन नको, मागे चकचकीत भिंत नको. तापमान २० ते २४ अंश. आर्द्रता १० ते ५० टक्के.

मुंबईत जूनमध्ये पन्नास टक्क्यांखाली आर्द्रता हवी असेल तर फ्रीजमध्ये जाऊन बसावं लागेल. आणि चर्चगेटला सकाळी सव्वानऊला ‘एका वेळी एक माणूस’ हे सांगायला एफडीएचा अधिकारीच पाठवायला हवा होता. म्हणजे परवानगी सैल आणि सूचना इतक्या कडक की त्या पाळणारा माणूस ऑफिसात पोचणारच नाही. दोन्हीकडून खातं सुरक्षित.

आपण तर कॅमेऱ्यापर्यंतही गेलो नाही, आपलं पिस्तुलावर भागलं. सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने ते मनगटावर रोखायचं, आकडा यायचा ३४.१, आणि तो वहीत नावापुढे निष्ठेने लिहायचा. पस्तिसाच्या खाली शरीर गेलं तर वैद्यकशास्त्रात धावपळ सुरू होते. इथे अख्खी बी विंग रोज गारठून मरणाच्या दारात उभी असायची आणि वॉचमन म्हणायचा, “जावा साहेब, नॉर्मल आहे.” ताप नसलेलाही संसर्ग पसरवतो हे तोवर सगळ्या जगाला कळलं होतं. वहीला कळलं नव्हतं.

आपल्याकडचा कायदाही त्याच एप्रिलमधला. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे, पण सगळीच उपकरणं, अगदी सॉफ्टवेअरसकट, ‘औषध’ या व्याख्येत आली १ एप्रिल २०२० ला. टाळेबंदीला जेमतेम आठवडा झाला होता. तारीख पाहून कुणी ते मनावर घेतलं नसेल तर त्याला दोष देता येत नाही. अ, ब, क, ड असे जोखमीचे वर्ग. अ आणि ब चे कारखानदार राज्याच्या खात्याकडे, क आणि ड चे दिल्लीकडे. परवान्याची सक्ती अ-ब ला ऑक्टोबर २०२२ पासून, क-ड ला त्यानंतर वर्षाने. चौकट चांगली आहे, उपहास करायचा म्हणूनही मी तिला वाईट म्हणणार नाही. पण ती यंत्राला विचारते. मंगल कार्यालयात फ्लेक्स लावून ‘मोफत कर्करोग निदान शिबिर’ भरवणाऱ्याला विचारायला १९५४ चा एक वेगळा कायदा आहे, चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवरचा. त्याच्या यादीत कर्करोग आहे आणि ‘निदान’ हा शब्दही आहे. फ्लेक्सवाल्याने तो वाचला असण्याची शक्यता कमी, कारण तो फ्लेक्सवर छापलेला नाही.

बंगळुरूच्या एका कंपनीने या चित्रांना कृत्रिम बुद्धिमत्ता जोडली आणि २०२२ मध्ये तिला अमेरिकेत परवानगीही मिळाली. पूरक तपासणी म्हणूनच. उद्या भरभक्कम चाचण्यांत हे तंत्र उतरलं तर मी पहिला टोपी काढीन. फक्त चाचणी म्हणजे काय चीज असते ते पाहायला लांब जायला नको. परळच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या १,५१,५३८ बायकांवर वीस वर्षं एक प्रयोग चालवला. कॅमेरा नाही, पडदा नाही, रंग नाहीत. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका ठरावीक काळाने हाताने तपासायच्या. २०२१ मध्ये निकाल छापून आला. तपासणी झालेल्यांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. सर्व वयांत मिळून घट पंधरा टक्के होती, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, हेही त्यांनी तिथेच छापलं. पंधरा टक्क्यांवर फ्लेक्सवाल्याने काय काय छापलं असतं! आरोग्यसेविकांच्या हातांवर मात्र फ्रँचायझी काढता येत नाही, ही त्या संशोधनातली मोठीच उणीव.

म्हणून मला वाटतं, एकदा समितीने कॅमेऱ्यालाच साक्षीला उभं करावं.

“तुम्ही काय करता?”

“साहेब, त्वचेची ऊब मोजतो. अंशाच्या दहाव्या भागापर्यंत.”

“कर्करोग दिसतो?”

“ऊब दिसते साहेब.”

“पण या पत्रकात तर लिहिलंय की कर्करोग दिसतो, तोही वर्षानुवर्षं आधी.”

“मला वाचता येत नाही साहेब. मला कागदाचंही तापमानच दिसतं. खोलीइतकंच आहे.”

“मग इतक्या बायकांना तुम्ही ‘सर्व ठीक’ म्हणून घरी पाठवलंत, ते?”

“मी काही म्हटलं नाही. मी निळा रंगसुद्धा दिलेला नाही, तो सॉफ्टवेअरने दिला. ‘ठीक’ हा शब्द खाली टाइप केलेला असतो. टाइप करणारे ते तिकडे, पावती फाडतायत.”

समितीने साक्ष समाधानकारक असल्याचं नोंदवलं, यंत्र पहिल्या वर्गात कायम ठेवलं आणि पुढच्या साक्षीदाराचं, म्हणजे माहितीपत्रकाचं, नाव पुकारलं. शिपाई व्हरांड्यात तीनदा ओरडून परत आला. पत्रक हजर नव्हतं. रविवारच्या शिबिरासाठी ते गावात वाटायला गेलं होतं.