सरासरी डॉक्टर

पॉलिमर केमिस्ट्रीत पीएचडी करणाऱ्या माणसाला साधा प्रश्न विचारू नये. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत असा एक जण आहे. पदवी अजून हातात पडायची आहे, पण सोसायटीनं त्याला कधीच 'डॉक्टर' करून टाकलंय. जिन्यात भेटला की आपण सहज विचारावं, "काय डॉक्टर, किती वाजले?" तो घड्याळ बघतो आणि म्हणतो, "नऊ-साडेनऊच्या दरम्यान."

दोष त्याचा नाही, धंद्याचा आहे. पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंची लांबच लांब साखळी. एकाच चंबूत, एकाच दिवशी तयार झालेल्या साखळ्याही सारख्या निघत नाहीत. कुणी आखूड, कुणी लांब. त्यामुळे 'वजन किती?' याला उत्तर मिळतं ते सरासरीचं, आणि सरासऱ्याही दोन: नंबर ॲव्हरेज आणि वेट ॲव्हरेज. पाच वर्षं त्यातच काढल्यावर माणूस भाजीवाल्याशीही सरळ बोलत नाही.

हे गणित सोसायटीला कळलं ते वार्षिक सभेत. पाण्याचे पैसे घरामागे घ्यायचे की माणशी, यावर दरवर्षीसारखी जुंपली होती. डॉक्टर उठले. "समजा, दोनच घरं आहेत. तळमजल्यावर आजी एकट्या, तिसऱ्या मजल्यावर नऊ जण. घरामागे सरासरी माणसं पाच. आता या दहाही जणांना एकेक करून विचारा, तुमच्या घरात किती माणसं? आजी सांगणार एक, बाकीचे नऊही जण सांगणार नऊ. सरासरी आली ८.२! घरं तीच, माणसं तीच. ८.२ भागिले ५, म्हणजे १.६४. ही आपली डिस्पर्सिटी." सभा गार पडली. सेक्रेटरींनी घाईघाईनं उपविधींचं पुस्तक उघडलं आणि पाण्याचा आकार नळांची संख्या आणि आकारमान बघून लावायचा, असं वाचून दाखवलं. खाली बसता बसता डॉक्टर म्हणाले, "आकारमान म्हणजे आतला व्यास की बाहेरचा?"

त्याच्या लॅबमधल्या ग्रुपची भाषाही वेगळी. ऑक्सिजन हा तिथला जन्मजात वैरी. तो चंबूतून हाकलायचा, नायट्रोजन भरायचा आणि मग 'रिॲक्शन लावायची'. संध्याकाळी तीच द्रावणं ढवळत्या मिथेनॉलमध्ये थेंब थेंब सोडायची. पहिल्याच थेंबाला पांढरे तंतू दिसले तर ज्युनियर मुलं टाळ्या वाजवतात. मग गाळायचं, रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुकवायचं. आठवडाभराच्या या खटाटोपातून हाती येते ८०० मिलिग्रॅम पूड. कधी चंबूतलं सगळंच घट्ट होऊन बसतं, कुठल्याच सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही, ढवळणारं मॅग्नेट आत अडकतं ते कायमचं. हे ज्युनियरच्या हातून झालं तर 'जेल झालं', सीनियरच्या हातून झालं तर 'क्रॉसलिंक्ड नेटवर्क मिळालं'.

मर्कॅप्टन हाताळलेल्या दिवशी ट्रान्सहार्बर लोकलमध्ये डॉक्टरला ठाण्यापासून बसायला जागा मिळते, तीही ऐसपैस. गॅस गळतोय हे कळावं म्हणून त्यात घालतात तो वास याच कुळातला. आमच्या इमारतीत त्या संध्याकाळी हमखास कुणीतरी शेगडी बंद करून खिडक्या उघडतं.

त्याला खरं जेरीस आणतात ते दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका. १९६८ च्या सुमारास ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा नॅफ्था क्रॅकर सुरू झाला आणि त्यातलं इथिलीन घेऊन पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीज हाय डेन्सिटी पॉलिथिन काढू लागली. काका त्या पट्ट्यात प्लँटवर शिफ्टा करून केस पांढरे झालेले. "आम्ही टनानं काढायचो रे. तुझं किती?" डॉक्टर मान खाली घालून म्हणतो, "पॉइंट आठ ग्रॅम." "मग ठेवतोस कशात?" "छोट्या बाटलीत." "बाटली कुणाची?" बाटली पॉलिथिनचीच असते.

आणि 'थिसिस कधी?' असं विचारलंत तर तो थेट इतिहासात जातो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ श्टाउडिंगरनं अशा लांब साखळ्या असतात हे १९२० साली मांडलं, तेव्हा मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याला वेड्यात काढलं. नोबेल मिळालं १९५३ मध्ये. "३३ वर्षं थांबला तो माणूस!" शिवाय यूजीसीचे २०२२ चे नियम त्याला पाठ आहेत: किमान तीन वर्षं, कमाल सहा. "बघा," तो समाधानानं म्हणतो, "त्यांनीही एक आकडा दिलेला नाही. रेंज दिलीय."

परवा मात्र तो पेढे घेऊन दारात उभा. मोबाइलवर जीपीसी यंत्राचा आलेख. या यंत्रात सूक्ष्म छिद्रांचे मणी भरलेले असतात. लांब साखळ्या छिद्रांत शिरू शकत नाहीत म्हणून आधी बाहेर पडतात, आखूड साखळ्या छिद्राछिद्रांत रेंगाळत मागून येतात. आलेखाला बाजूनं 'शोल्डर' फुटला की डॉक्टरला त्या दिवशी जेवण जात नाही. हा आलेख सरळसोट, अरुंद, शोल्डरबिल्डर काही नाही. "डिस्पर्सिटी १.०८!"

पेढे घ्यायला त्याचे वडील, आबाही आले. मूळचे साताऱ्याकडचे, जन्म एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून गेलेला. त्यांनी आलेख उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजे झालं काय?"

"आबा, सगळ्या साखळ्या एका लांबीच्या आल्या. जवळजवळ."

"जवळजवळ?" आबांनी मोबाइल परत दिला. "अरे, गोण पन्नास किलोची म्हंजे पन्नास किलोची. जवळजवळ पन्नास म्हणणाऱ्या व्यापाऱ्याचा माल आमी गाडीवरनं उतरवत नव्हतो."

डॉक्टर जरा विचारात पडला. मग म्हणाला, "पन्नास, पण बारदान धरून की सोडून?"

आबा त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी आणखी एक पेढा उचलला.

"आत्ता शिकलास," ते म्हणाले.