आत्या, दाजी आणि डंपिंगचा जॅक

सांगली जिल्ह्यात हायड्रॉलिक कुणी शिकत नाही, ते अंगवळणीच पडतं. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसायचं वय झालं की पोराला लिव्हर कळतो. ओढला की ट्रॉली वर, सोडला की खाली. पास्कल नावाचे एक फ्रेंच गृहस्थ साडेतीनशे वर्षांपूर्वी यावर डोकं खाजवून गेले असं शाळेत सांगतात, पण आमच्याकडं त्यांच्यावाचून काही अडलं असतं असं वाटत नाही. त्यातून आमचा धंदाच ट्रॉल्या बांधायचा. कुपवाड एमआयडीसीत शेड आहे. शेडमधलं काम धाकटा भाऊ आणि मिस्त्री बघतात. मी बिलं, जीएसटी आणि उधारीचे फोन बघतो. लग्नकार्यात कुणी विचारलं तर मात्र "आपण हायड्रॉलिकमध्ये आहोत" असं सांगतो.

जाता जाता सांगतो, उसाच्या ट्रॉलीला जॅक नसतो. कारखान्यावर गव्हाणीपाशी क्रेन येते, वायररोप लावून ऊस उचलते, की ट्रॉली मोकळी. जॅक लागतो मुरूम, खडी नि शेणखत वाहणाऱ्या डंपिंग ट्रॉलीला. एवढा फरक मला माहीत आहे. माझं ज्ञान साधारण तिथंच संपतं. दाजींना हे ठाऊक नव्हतं आणि मीही सांगायची घाई केली नाही.

दाजी सातारचे. थोरल्या ताईचे यजमान. बामणोलीकडं त्यांचं कृषी पर्यटन आहे, म्हणजे चार खोल्या, एक म्हैस आणि पिठलं-भाकरी. समोर शिवसागर. कोयना धरणाचं शंभरावर टीएमसी पाणी मागं तुंबत तुंबत तापोळ्यापर्यंत गेलंय. बामणोलीपाशी कोयना, सोळशी आणि कांदाटी अशा तीन नद्यांचं पाणी एकत्र येतं, पलीकडं वासोट्याचं जंगल. पर्यटकांना फिरवायला तिथं बोट क्लबांच्या बोटी आहेत, त्या नेमानं जातात, नेमानं येतात. पण दाजींना त्या बोटीत बसून समाधान नव्हतं. त्यांनी मुंबईहून एक निवृत्त मोटरबोट आणली. अठ्ठावीस फुटी, फायबरची, आत दोन बाकडी, एक बेसिन आणि एक दार, जे उघडलं की मिटत नसे. ट्रेलरवर घालून कासच्या रस्त्यानं ती बामणोलीत उतरवली तेव्हा निम्मं गाव धक्क्यावर होतं. दाजी तिला यॉट म्हणत. गावही म्हणायला लागलं. कुणाच्या बापाचं काय जातंय?

यॉट आली की माणूस यॉटचे व्हिडिओ बघायला लागतो. परदेशी यॉटच्या मागच्या बाजूला एक पाट असतो. बटण दाबलं की तो अलगद पाण्याखाली जातो, त्यावर उभी असलेली बाई न भिजल्यासारखी भिजते, पोहून आली की पुन्हा पाटावर उभी राहते, आणि पाट तिला वर घेऊन येतो. दाजींनी हा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. त्याला पहिलं उत्तर आमच्या आत्याचं आलं. "मला पण."

आत्याला नाही म्हणणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. पाठीला सुका भोपळा बांधून ती कृष्णेत पोहायला शिकली. तिच्या लेखी पाणी मोजायची जागा एकच, आयर्विन पूल. १९२९ साली बांधलेला. पंचेचाळीस फूट म्हणजे धोका, हे प्रत्येक सांगलीकराला बारशापासून पाठ. २०१९ च्या महापुरात पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून तिला होडीत उतरवताना तिनं होडीवाल्याला वल्हं धरायची पद्धत सांगितली होती. मध्यंतरी मिरजेत तिचे दोन्ही गुडघे बदलले. तेव्हापासून पोहणं बंद. यॉटला एक शिडी होती, तीही उभीच्या उभी. "शिडीबिडी मला जमायची न्हाई," आत्या म्हणाली, "तो पाट बसव."

तसा तयार पाट मिळतो. स्टेनलेस स्टीलचा सांगाडा, दोन्हीकडून तेल ढकलणारे दोन सिलिंडर, चार हात, रिमोट. दाजींनी मुंबईहून भाव काढला आणि फोनवर मला वाचून दाखवला. आकडा ऐकून मी हसलो. ते हसणं मला पुढं फार महागात पडलं.

"दाजी, एवढ्यात तर तीन ट्रॉल्या येतात," मी म्हणालो. "जॅक आपल्या शेडला पडलेत. तुम्ही फक्त मापं पाठवा."

"पाव्हणं, पण ते पाण्यातलं काम आहे."

"तेल तेच असतं, दाजी."

मापं आली. मी कागदावर चित्र काढलं. ट्रॉलीला असते तशी बोटीच्या कडेला बिजागरी, खाली जॅक, वर फळी. सोपं काम. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवून कागद बराच वेळ आडवा-उभा फिरवला.

"ही फळी खाली जाताना तिरकी होणार."

"होऊ दे की. ट्रॉली पण होते."

"ट्रॉली तिरकी होत्या मुरूम वतायला. तुमाला आत्याबाई वतायच्या हायत का उतरवायच्या हायत?"

मग मिस्त्रींनीच खडूनं फरशीवर चार हातांचं गणित मांडलं. दोन हात वर, दोन खाली, चारी सारख्या लांबीचे. त्यांचा समांतरभुज चौकोन होतो, म्हणून हात कितीही खाली-वर गेले तरी टोकाची फळी आडवीच राहते. मी मान हलवली आणि "मला तेच म्हणायचं होतं" असं म्हणालो. भाऊ वाकून वेल्डिंग रॉड शोधायला लागला. तो हसत असावा, कारण रॉड त्याच्या हातातच होते.

फळीची रचना मात्र संपूर्णपणे माझी. तिचं श्रेय मी कुणाला देणार नाही. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, चार इंच जाड पेटी, पातळ पत्र्याची. पाणी शिरून गंजू नये म्हणून चारी बाजूंनी बंद, सगळे सांधे हवाबंद. मिस्त्री म्हणाले होते, "भोकं ठिऊया का चार?" मी म्हणालो, "नको, गंज धरेल." वर सागवानी पट्ट्या, बाजूला स्टीलचा कठडा. वजन एकशेदहा किलो भरलं. वर नेण्यासाठी बारा व्होल्टचा पंप, त्याला बोटीचीच बॅटरी. खाली यायला पंपाची गरजच नाही. डंपिंगचा जॅक फक्त ढकलतो, व्हॉल्व्ह सोडला की ट्रॉली आपल्याच वजनानं बसते आणि तेल माघारी टाकीत जातं. पाटही तसाच बसेल.

शेडमध्ये तो बसला. आम्ही सिमेंटची पोती ठेवून बघितलं, भाऊ उभा राहून बघितलं, शेवटी चहाचा ट्रे ठेवून बघितलं. एक थेंब सांडला नाही. मी दाजींना व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं, "सांगली."

जानेवारीअखेरीस पाट बोटीला चढवला. मागं एवढं लोढणं लागल्यावर बोटीचं नाक जरा वर झालं. दाजी म्हणाले, रुबाब वाढला. बोट चालवायला बामणोलीचाच एक पोरगा होता. त्यानं मागं बघितलं, पुढं बघितलं आणि काही बोलला नाही. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातली. आत्यानं ताईचा जुना पंजाबी ड्रेस घातला होता आणि वर जॅकेट. तिला जॅकेट हा अपमान वाटत होता, पण पोरगा ऐकेना. पाण्याच्या मध्यावर न जाता एका काठाजवळच्या शांत खाडीत बोट थांबवली. इंजिन बंद केलं. पाण्यात माणूस असताना पंखा फिरता ठेवायचा नाही, धूरही मागंच निघतो, एवढं मी वाचून गेलो होतो. ताईनं मोबाइल आडवा धरला.

मी व्हॉल्व्ह सोडला. पाट अगदी अलगद खाली आला, पाण्याला टेकला आणि थांबला.

मी व्हॉल्व्ह आणखी सोडला. आणखी सोडायला काही उरलं नव्हतं. पाट पाण्यावर मजेत डुलत होता. हवाबंद पेटी ती. सहा घनफूट, म्हणजे पुरती बुडाली तर एकशेसत्तर लिटर पाणी बाजूला सारणार, म्हणजे पाणी तिला एकशेसत्तर किलोनं वर रेटणार. तिचं स्वतःचं वजन एकशेदहा. हा हिशोब आठवीचा पोरगा करेल. मी तो तिथं, उभ्याउभ्या, प्रथमच केला.

"वजन पाहिजे," मी म्हणालो. "आत्या, तू उभी राहा."

आत्या कठडा धरून पाटावर गेली. आत्या बावन्न किलो. एकशेबासष्ट झाले. पाट कडेपर्यंत बुडाला आणि तिथंच राहिला. आत्यानं खाली बघितलं, वर बघितलं.

"माझी बोटंसुद्धा भिजली न्हाईत रे."

तेव्हा दाजी पुढं आले. दाजी पंचाण्णव किलोचे आहेत, पोहायला येत नाही, पण आतिथ्य त्यांच्या रक्तात आहे. "मी येतो आत्या, थांबा," म्हणून त्यांनी पाटावर पाय टाकला. उतरण्याचा वेग आवरणारा एक छोटा व्हॉल्व्ह जॅकच्या पाइपात बसवतात. मी तो खर्चातून वगळला होता. पाट धप्पकन गेला. दाजी कमरेपर्यंत, आत्या छातीपर्यंत, आणि बोटीची मागची बाजू त्यांच्यासोबत खाली. इतकी, की धुराड्याचं तोंड पाण्यात गेलं.

आत्यानं तेवढ्यात हात मोकळे केले, पाटावरून सरकली आणि पोहायला लागली. माझ्या लहानपणी बघितलं होतं तसंच, मान वर, तोंडाला पाणी लागू न देता, गप्पा मारत. "पाणी गार हाय, पण गोड हाय," म्हणाली. दाजी कठड्याला मिठी मारून उभे होते आणि "वर घ्या, पाव्हणं, वर घ्या" हे एकच वाक्य निरनिराळ्या पट्टीत म्हणत होते.

मी बटण दाबलं. पंपानं एक उसासा टाकला आणि थांबला. असला पंप दीडशे अँपिअरच्या वर ओढतो. बॅटरी जुनी, केबल मी ट्रॅक्टरच्या हेडलाइटची वापरलेली. ट्रॅक्टरला हा प्रश्न कधी येतच नाही, कारण तिथं तेलाचा पंप इंजिनच फिरवतं. इथं इंजिन बंद. आणि ते चालू करायचं तर तीच बॅटरी. मी बटण दाबत राहिलो, केबल गरम होत राहिली, शेवटी केबिनमधला दिवासुद्धा मिणमिणून गेला.

वर म्हणून पाइपाचा एक जोड सुटला. वाटीभर तेल पाण्यावर पसरलं, त्यात इंद्रधनुष्य दिसायला लागलं. ताईनं तेही शूट केलं. मी टॉवेल टाकून तेल टिपू लागलो. हातांना काम नको होतं असं नाही. कोयनेचं दर वर्षी साडेसदुसष्ट टीएमसी पाणी विजेसाठी पोफळीकडून पश्चिमेला, चिपळूणच्या वाशिष्ठीत सोडता येतं. बाकीचं पायथ्यानं नदीत येतं, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि थेट आयर्विन पुलाखाली आमच्या घाटाला लागतं. माझं तेल कुठल्या वाटेनं जाईल याचा विचार मी तेव्हा करत होतो. निम्मी जरी शक्यता घरापर्यंतची असली तरी टिपायला हवं होतं.

बोट चालवणाऱ्या पोरानं शिट्टी मारली. थोड्या वेळानं क्लबच्या दोन बोटी आल्या. दाजींना बगलेत धरून त्यांनी वर ओढलं. ओढताना पाट त्यांच्या वजनातून सुटला आणि एकशेदहा किलोचा तो लबाड उसळून वर आला, इतका जोरात की माझ्या हनुवटीला चाटून गेला. बटण, पंप, बॅटरी, कुणालाही जमलं नव्हतं ते पाण्यानं फुकटात केलं.

आणि आत्या? तिला कुठल्या बोटीत चढवायचं यावर बोटवाल्यांची चर्चा चालू होती. एक जण म्हणाला खुर्ची बांधून उचलू. दुसरा म्हणाला टायर आणतो. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि काठाकडं वळली. जलाशय तो, काठाला सगळीकडं हळूहळू चढत गेलेला तांबड्या मातीचा उतार. ती हात मारत गेली, पायाला जमीन लागल्यावर उभी राहिली आणि एका बोटवाल्याचा हात धरून, नव्या गुडघ्यांनी, चिखलातून चालत वर गेली. काठावरून ओरडली, "अरे, हितं तर पायऱ्याच हायत की. मग एवढं लोखंड कशाला आणलंस?"

त्यानंतर सर्व्हेचे साहेब आले. नावेची रचना बदलली की तपासणी पुन्हा करावी लागते, देशात २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे, आणि बोटीच्या शेपटीला माणसांसकट दोनशे किलोवर वजन लटकवणं ही रचना बदलणंच झालं, असं त्यांनी शांतपणे समजावलं. कागद पुरे होईपर्यंत बोट धक्क्याला. दाजींनी कागद पुरे करण्यापेक्षा पाट सोडवला. एक वाक्यही वावगं बोलले नाहीत. मुंबईच्या भावाचा तो स्क्रीनशॉट तेवढा दर पंधरवड्याला ग्रुपवर टाकतात.

पाट शेडला परत आला. भावानं वहीत तो "जाहिरात खर्च, कोयना" असा लावला. पुढं तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याला टेंपोच्या मागं पेट्या चढवायला लिफ्ट हवी होती. यॉटचा पाट आणि टेंपोची लिफ्ट यांचं कूळ एकच, चार हात, एक जॅक, आडवी फळी. मिस्त्रींनी ती तासाभरात बसवली. पंधरा-पंधरा किलोच्या पेट्या आता ती दिवसभर उचलते, कुरकुर न करता. ट्रॉली जशी आपल्या वजनानं बसते तशी ही बसते, कारण टेंपोखाली रस्ता आहे.

व्यापारी माल घ्यायला आला तेव्हा त्यानं सगळीकडून हात फिरवून बघितला. सागवानी पट्ट्या, स्टीलचा कठडा, चारी बाजूंनी बंद पेटी.

"मिस्त्री, बेदाण्याला एवढा थाट? आणि हे हवाबंद कशासाठी केलंय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "महापुराची सोय हाय, शेठ. टेंपो कृष्णेत गेला तर पुढनं बुडल, मागनं न्हाई."

व्यापाऱ्यानं त्याचे पाचशे जास्त दिले.